बारकीची बोटं

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाईट बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उलटशील. तुझी खोड मला ठाऊक आहे. व्हिसा मिळाला नाही. नाकारलाही नाही. मधेच लटकून राहिलाय, आणि त्याच्याबरोबर मी आणि माझ्याबरोबर तू.

सकाळी सातला वकिलातीच्या भिंतीला खेटून उभी राहिले. माझ्यापुढे एक वेल्डर होता. त्याने कागद इतक्या वेळा तपासले की रांगेतल्या सगळ्यांना त्याची जन्मतारीख पाठ झाली. आत गेल्यावर टोकन, मग खुर्च्या, मग काचेमागे बसलेला एक गोरागोमटा साहेब आणि त्याच्या शेजारी दुभाषी बाई. कुठे जाणार, कशाला जाणार, तिथे कोण आहे, परत येणार का. सगळी उत्तरं मी न अडखळता दिली. माझी थोरली बहीण तिथे कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे, तिची जागा मी घेणार आणि ती घरी येणार, असं सांगितलं. साहेबाने मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

मग बोटं ठेवायची काच आली. उजव्या हाताची चार ठेवली, लाल दिवा. पुसून ठेवली, लाल. डावी ठेवली, लाल. अंगठे ठेवले, तेही लाल. दुभाषी बाईने क्रीम दिलं, ते चोळून ठेवली. शेवटी साहेब उठून काचेशी आला आणि माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. म्हणाला, "यांच्या बोटांवर काहीच नाही."

बाईने मला समजावलं, "तुम्ही कोण आहात ते यंत्राला कळत नाहीये."

मी म्हटलं, "फॉर्मवर लिहिलंय की सगळं." कोणी हसलं नाही.

मग मी त्यांना सांगायला लागले. अकरा वर्षं पॉलिशच्या चाकाशी बसते. खरखरीत प्युमिस दगडाची ओली पूड, फिरतं कापडी चाक आणि हातात कवळी. हातमोजे घालता येत नाहीत, चाकात अडकले तर बोटच जायचं. कवळी गुळगुळीत होते तसं बोटही होतं. साहेबाने ऐकून घेतलं आणि एक चिठ्ठी दिली. सहा आठवड्यांनी या, बोटं वाचता येतील अशी आणा. त्याखाली दुसरी ओळ: सध्या कामावर असल्याचा ताजा दाखला आणा. म्हणजे काम सोडलं तर बोटं येतील पण दाखला मिळणार नाही, काम केलं तर दाखला मिळेल पण बोटं नसतील. एकाच चिठ्ठीवर, एकाखाली एक. सही मात्र झोकदार.

बाबा बरे आहेत. त्यांची कवळी पुन्हा सैल झालीय, चिडले की खाली उतरते, त्यामुळे हल्ली बेताने चिडतात. टिल्ली मजेत आहे. वरचा, बाजूचा दात हलतोय, दिवसभर जिभेने ढकलत असते. अजून तुला आई न म्हणता ताईच म्हणते, मी म्हणते म्हणून. किती वेळा सांगितलं, ऐकत नाही.

तुझी,
बारकी


१५ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद. पत्र मिळालं. शेवटचं पान मी आधी उलटलं नाही. पाकीट हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं. चांगली बातमी असती तर तू तीन पानं लिहिली नसतीस.

रविवारी फोनवर जास्त बोलता येत नाही. फोन मालकाच्या ऑफिसात आहे आणि त्याची बायको शेजारीच बसलेली असते. भाषा कळत नसली तरी सूर कळतो. म्हणून जे सांगायचं ते इथे लिहिते आणि एकदाच लिहिते.

मालकाचं म्हणणं साधं आहे. पॉलिशच्या बाकावर माझ्याइतका चांगला हात बसव आणि जा. तो माणूस वाईट नाही. बाक तुझ्यासाठी एप्रिलअखेरपर्यंत राखलाय. तोवर तुझा व्हिसा दिसला नाही तर एक मेला माझा करार आपोआप आणखी तीन वर्षांनी वाढतो. मी येऊन साडेपाच झाली. निघाले तेव्हा टिल्ली माझ्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. आता तिचे दात पडायला लागले.

तुझ्या चिठ्ठीतल्या पेचाचं मला हसू आलं. लॅबवाल्या काकांना सांग, मला मेणाच्या बाकावर बसवा. मेणात दात लावायचं काम कर, चाकाला हात लावू नकोस. कामावर असल्याचा दाखलाही मिळेल आणि बोटंही राहतील. झालं.

आणि सहा आठवडे वगैरे लागत नाहीत. इथे हजेरीला बोट लावावं लागतं. लांब सुट्टीनंतर सोमवारी ते यंत्र मला ओळखतं, गुरुवारपर्यंत विसरतं. दहा दिवस चाकापासून लांब राहिलं की रेषा येतात. कातडीच ती, कुठे जाते.

टिल्लीचा दात पडला की टाकू नकोस. पाठव.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझं डोकं म्हणजे डोकं आहे. काकांनी आधी आढेवेढे घेतले, "पॉलिशला कोण, मी?" म्हणाले, पण शेवटी बसवलं मेणावर. मी तिथे इतकी वाईट आहे की परवा एका आजोबांना पुढचे दात आजींचे लावले. काकांनी हात टेकले. म्हणाले, "बाई, लवकर परदेशी जा एकदाची."

दात पडला. सोबत पाठवतेय, कापसात गुंडाळलाय. वर्गात पडला म्हणून तिने तो अख्खा दिवस मुठीत धरून ठेवला होता. घरी आल्यावर म्हणाली, "याला चकाकी आणू या." मी नको म्हणेपर्यंत माझ्या डब्यातलं कापड घेऊन बसली आणि खरोखर चमकवला. बोटांची पकड बघायला हवी होतीस. हात तुझ्यावर गेलाय. मला हे काम शिकायला वर्ष लागलं होतं.

पुढची तारीख १८ मार्चची मिळालीय. क्रीम लावते, भांडी बाबा घासतात. भांडी फुटली तरी त्यांचा उत्साह फुटत नाही.

टिल्लीला दोन ओळी लिही म्हटलं तर म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, जे वाटेल ते. तिने चित्रच काढून दिलं. घर आहे. घरात तीन माणसं आहेत. चौथं काढायला जागा नव्हती म्हणे.

तुझी,
बारकी


१९ मार्च

ताई,

काल जाऊन आले. लाल.

तू म्हणशील कसं काय. मलाही तेच वाटतं. आज सकाळपासून डोकं चालत नाहीये, तरी जे झालं ते लिहिते. या वेळी साहेब नव्हता, एक बाई होती, केस पांढरे, स्वेटरची बाही कोपराशी उसवलेली. दुभाषी बाई तीच. खुर्च्या बदलल्यात, आता हिरव्या आहेत. भिंतीवरचं घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे. वेल्डरही आला होता, त्याचं झालं, त्याने सगळ्यांना चॉकलेट वाटलं, मलाही दिलं. ते मी टिल्लीसाठी आणलं.

बोटं सहा वेळा ठेवली. एकदा डाव्या करंगळीला क्षणभर हिरवा लागला आणि गेला. बाईंनी माझा हात काचेच्या फटीतून जवळ ओढून घेतला, भिंगातून बघितलं आणि दुभाषीला काहीतरी म्हणाल्या. तिने मला ते सांगितलं नाही. मग तारीख दिली, १६ एप्रिल. ही शेवटची, त्यानंतर फाईल बंद.

कदाचित माझी कातडीच तशी असेल. अकरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. तुझी येतात म्हणून माझीही येतील असं कुठे आहे?

टिल्ली बरी आहे. बाबा बरे आहेत. घरातलं सगळं बरं आहे.

बारकी


३० मार्च

बारके,

खुर्च्या हिरव्या आहेत हे कळलं. घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे हेही कळलं. बोटांबद्दल मात्र दोनच ओळी.

मी तुझ्या पाच वर्षं आधी त्या चाकाशी बसले. तुला बसवलं मीच. तीन आठवडे मेणात हात घातल्यावर कोणाची बोटं कशी होतात ते मला कोणी सांगायला नको. मेणाने हात मऊ होतात, गुळगुळीत होत नाहीत. करंगळीला हिरवा लागला म्हणतेस. करंगळीच का, तर तिला घासायचं राहून जातं. घासताना चार बोटांत दगड धरला की करंगळी बाहेर राहते. हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.

तू घासतेस.

परवा मी हे वाक्य मनात म्हटलं आणि दिवसभर कवळ्या हातातून निसटत होत्या. दोन तडकल्या. मला तुझा इतका राग आला, बारके, की समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. नंतर वाटलं, तिने तरी काय ओळखून यावं? मी तिला काय सांगितलंय इथलं?

तर ऐक. मालक वाईट नाही असं लिहिलं होतं, ते खोटं आहे. माझा पासपोर्ट मी उतरले त्या दिवशी त्याने ठेवून घेतला, तो त्याच्या कपाटात आहे. तक्रार करायला गेलं तर आधी पासपोर्ट मागतात. आम्ही पाच बायका एका खोलीत आहोत. खिडकी आहे, ती मागच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. गेली दोन वर्षं मी कवळी बनवलेली नाही, फक्त चाक. आणायला गाडी, सोडायला गाडी, फाटक बाहेरून बंद. पूड घशात जाते, त्याचा खोकला आहे. फोनवर मी मध्येच थांबते ना, ते रडू नसतं, खोकला असतो. बहुतेक वेळा.

हे लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर तू आली नसतीस. म्हणजे मी तुला अशा जागी बोलावत होते हे मला कळत होतं. तू धडधाकट आहेस, तुझ्यापाठी कोणी नाही, तू तीन वर्षं काढशील, असं मी स्वतःला सांगत होते. बघ, दोघीही सारख्याच निघालो.

फक्त एवढं सांग. का घासतेस? इथली भीती तर तुला नव्हती, तुला काही माहीतच नव्हतं.

ताई


१३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं, बाबांच्या हाती लागू नये म्हणून. मग स्वयंपाकघरातच खाली बसले.

हो. घासते. पहिल्या वेळी नाही, तेव्हा खरंच कामाने गेली होती. नंतर मेणावर बसले आणि दहाव्या दिवशी भांड्याच्या काठावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला दिसला. स्वच्छ, गोल गोल. इतक्या वर्षांनी दिसला होता, पण मला आनंद झाला नाही, मी तो पुसून टाकला. प्युमिसचा एक तुकडा मोरीत ठेवलेला असतो. त्या दिवसापासून रोज अंघोळीच्या वेळी. त्या पांढऱ्या केसांच्या बाई काय म्हणाल्या ते दुभाषीने मला सांगितलं होतं. म्हणाल्या, "हे ताजं घासलेलं आहे. जायचं नसेल तर तसं सांगा, आम्ही लगेच बंद करू." मी म्हटलं, जायचंय. कारण नाही म्हटलं असतं तर तुला तसं कळवावं लागलं असतं.

का, ते सांगते. टिल्ली मला आई म्हणते. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा शाळेच्या फाटकाशी म्हणाली, रखवालदाराने विचारलं कोणाबरोबर जाणार, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही काय माझी आई." मी तिला तिथे काही बोलले नाही. घरी येऊनही बोलले नाही. आणि ताई, ती तुला ताई म्हणते ते मी म्हणते म्हणून, हे खरं आहे, पण किती वेळा सांगितलं म्हणून लिहिलं ते खोटं. एकदाही सांगितलेलं नाही. तुझं पत्र आलं की "तुझ्या आईचं पत्र" म्हणायला काय जात होतं माझं? पण दर वेळी मी "ताईचं पत्र" म्हणाले. चुकून नाही. जाणूनबुजून. तू आलीस की ती तुझी होणार हे मला कळत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. माझ्यापाठी कोणी नाही असं तू लिहिलंस. तेवढं एक वाक्य मला फार लागलं, पण ते तू लिहिणारच, मीच तुला कधी कळू दिलं नाही.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी मोरीत हात धुताना टिल्ली दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी मी घासत नव्हते, नुसती दगडाकडे बघत होते. म्हणाली, "रोज का घासतेस?" मला काय सुचलं कोणास ठाऊक, खरं तेच सांगून बसले. म्हटलं, बोटांवर रेषा असल्या की मला लांब जावं लागेल. मी हात पुसून आत गेले. थोड्या वेळाने जाऊन बघते तर मोरीत उकिडवी बसून दगडावर स्वतःचा अंगठा घासतेय. पार लाल केला होता. म्हणाली, "मी पण करते. म्हणजे मला पण कोणी नेणार नाही."

मी तिच्या हातातून दगड हिसकावला आणि थेट कौलांवर भिरकावला. बाबा बाहेर आले, काय झालं, काय फुटलं म्हणून. कवळी खाली उतरलेली. टिल्ली रडत होती आणि मीही.

त्यानंतर घासलेलं नाही. १६ तारखेला मी जाणार. पत्राच्या खाली अंगठा लावलाय, शाळेच्या शाईचा आहे, बाबा म्हणाले शिकल्यासवरल्या पोरीने अंगठा कशाला लावायचा. तू बघ भिंगाने. आठवडा झालाय फक्त, रेषा अजून पुसट आहेत, पण आहेत.

तुझी,
बारकी


१६ एप्रिल

ताई,

दहाही बोटं हिरवी. शिक्का बसला. झेरॉक्स तुझ्या मालकाच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. दुभाषी बाईने अभिनंदन केलं. मी धन्यवाद म्हटलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रांगेतल्या लोकांना वाटलं, मला नाकारलं. दोघांनी पाणी दिलं.

बारकी


२७ एप्रिल

बारके,

तुझा अंगठा बाकावरच्या दिव्याखाली धरून बघितला. ज्या भिंगाने दातांच्या फटी बघते त्यानेच. रेषा मोजायला बसले आणि मध्येच मोजणं सोडून दिलं. शेजारी माझा अंगठा लावून पाठवतेय. नुसता डाग आहे.

झेरॉक्स काल पोचली. मालकाने ती दिव्यापुढे धरून बघितली, खरी आहे का म्हणून. मग वही काढून माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. एक मेच्या कागदावर सही करायला मला बोलावलेलं नाही. म्हणजे सुटले. आनंद व्हायला हवा होता, पण संध्याकाळी जेवता आलं नाही. तू आली नसतीस तरी मी तुला दोष दिला नसता, असं लिहायला बसले होते. ते खरं नाही म्हणून खोडलं. मी आयुष्यभर दोष दिला असता. मला घरी यायचंय, बारके. तुला इथे सोडून यायचंय, हे मला कळतंय आणि तरीही यायचंय.

आता नीट वाच. बोटं जप. इथे विमानतळावर पुन्हा लावावी लागतात. त्यानंतर नसली तरी चालेल, राहणारही नाहीत. पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स कपड्यांच्या शिवणीत घाल. आणि मला निघताना माझीही बोटं लागतील, म्हणजे तू आल्यावर मला दहा दिवस चाकापासून लांब बसावं लागणार. तू बाकावर आणि मी तुझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून. टिल्लीला तेवढे दिवस बाबा सांभाळतील. त्या दहा दिवसांत मी तुला इथल्या माणसांबद्दल सांगेन, कोणापासून लांब राहायचं, फाटकावरच्या कोणाला हात जोडायचे. तू मला टिल्लीबद्दल सांग. काय खाते, कशाला घाबरते, केस विंचरताना रडते का, झोपताना कोणत्या कुशीवर वळते. सगळं सांग, लपवू नकोस. मला तिचं काहीच माहीत नाही.

मालकाने विचारलं, तीन वर्षांनी तुझ्या बहिणीच्या जागी कोण? घरात आणखी कोणी चांगल्या हाताची आहे का? मी म्हटलं, कोणी नाही. टिल्लीचं नाव मी इथे कधी काढलेलं नाही. तूही काढू नकोस, तिचा फोटोही आणू नकोस. घरी पॉलिशचं जे काही असेल, दगड, पूड, कापड, ते निघायच्या आधी सगळं काकांना देऊन टाक. तो चमकवलेला दात माझ्याजवळ आहे. फार छान चमकवलाय. पुन्हा तिला करू देऊ नकोस.

आणि आई येतेय असं तिला सांगू नकोस. एका वाक्यात तिची आई जाणार आणि दुसऱ्या वाक्यात कोणी परकी बाई आई होऊन येणार, एवढं लहान पोरीला झेपायचं नाही. तिला सांग, ताई येतेय. तेवढं पुरे आहे.

ताई